पोटखराबा

सातबारा नीट वाचणाऱ्यांना हा शब्द ठाऊक असेल. लागवडीलायक क्षेत्राच्या खाली एक ओळ असते, पोटखराबा. त्यातही वर्ग अ आणि वर्ग ब. अ म्हणजे मुळातच नापीक असलेली जमीन, कातळ, खडक, दरड. ब म्हणजे रस्ता, पऱ्या म्हणजे ओढा, तळं, स्मशान असल्या कामांत गुंतलेली. मी भूमी अभिलेख खात्यात बत्तीस वर्षं भूकरमापक होतो, त्यातली बरीचशी राजापूर आणि लांजा तालुक्यांत गेली. लागवडीखाली चार आर आणि पोटखराबा दोन हेक्टर, असे सड्यावरचे, म्हणजे जांभ्या दगडाच्या कातळपठारावरचे, उतारे मी शेकड्यांनी पाहिले असतील. आकडा जुळला की पुढचा कागद.

निवृत्तीला दहा वर्षं होत आली. आता मात्र त्या पोटखराब्यात माझं जाणंयेणं नोकरीत होतं त्याहून जास्त आहे. बायको म्हणते, पगार होता तेव्हा सावली शोधायचात, आता फुकट उन्हात जाता.

गोष्ट १९९३ सालची. फेब्रुवारी महिना. राजापूर तालुक्यातल्या एका गावच्या सड्यावर पोटहिश्श्याची मोजणी होती. गावाचं नाव लिहीत नाही, का ते पुढे कळेल. दोन भाऊ वेगळे होत होते. जमीन म्हणजे काय, तर पावसात गुरांना गवत आणि एरवी तापलेला तवा. पण भांडण असं की वाटायला मळ्याची जमीन काढली आहे.

तेव्हा फळीवर मोजणी चालायची. तिपाईवर लाकडी फळी, तिच्यावर कागद, खाली ओळंबा. ओळंबा ज्या बिंदूवर येतो तो उद्याही सापडला पाहिजे. मातीत खुंटी ठोकतात. कातळात खुंटी जात नाही, मग छिन्नीने फुली मारायची. चारही बाजू नजरेत येतील असा एक उंचवटा बघितला आणि छिन्नी काढली. गुरं घेऊन एक म्हातारा जवळ उभा होता. तो म्हणाला, "सायेब, तितं नको. तितं कासव हाय."

मी इकडेतिकडे बघितलं. पाण्याचा टिपूस नाही, समुद्र दोन डोंगर पलीकडे. म्हटलं, "आजोबा, कासव इथे काय पोहायला आलं?" मजूर हसले. दोघे भाऊही हसले, अख्ख्या दिवसात त्यांचं तेवढ्यावरच एकमत झालं. म्हातारा पुढे बोलला नाही, गुरं हाकत निघून गेला. मी फुली मारली. वीतभर लांब, चांगली खोल. हातात जोर होता तेव्हा.

पुढे वीसेक वर्षांनी वर्तमानपत्रांत कातळशिल्पांच्या बातम्या यायला लागल्या. रत्नागिरीचे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई सडे पालथे घालत होते, आणि गावागावांत जांभ्यावर कोरलेली चित्रं सापडत होती. हत्ती, वाघ, गेंडा, हरणं, माणसं, मुशी, पाकट. कुठे नुसत्या भौमितिक चौकटी. लोक त्यांना पांडवांची चित्रं म्हणत आले होते, पांडवांनी एका रात्रीत कोरलेली. पण मला बातमीतलं एक वाक्य टोचलं. ही मंडळी गावात गेली की आधी गुराख्यांना विचारत. सडा गुराख्याइतका कोणाला ठाऊक असणार?

गुराख्याने मला न विचारता सांगितलं होतं.

पुढच्याच रविवारी गेलो. दुपारी पोचलो तर काहीच दिसेना, पांढऱ्या उन्हात कातळ सपाट दिसतो. माझी फुली मात्र दहा मिनिटांत सापडली, आपलं काम माणूस विसरत नाही. तिथेच डबा सोडून बसलो. साडेपाचच्या सुमारास उन्हं कलली आणि रेघांच्या कडांना सावली धरू लागली. आधी एक पाय दिसला, वल्ह्यासारखा. मग दुसरा. मग पाठीचा गोल, पुढे आलेलं डोकं, इवलंसं शेपूट. दीडेक मीटरचं कासव. आणि पाठीवर मधोमध माझी फुली.

बरं, एवढ्यावर संपत नाही. हा बिंदू मी दोन भावांच्या वाटणीच्या रेषेवर घेतला होता. घरी येऊन जुनी डायरी काढली आणि कच्चं टिपण पाहिलं. रेषा कासवाच्या अंगावरून आरपार जाते. डोकं आणि पुढचे पाय थोरल्याच्या हिश्श्यात, मागचं धड धाकट्याच्या. सरकारी मोजमापाने मी त्याचे दोन तुकडे केले होते, आणि नकाशावर कासवाचा पत्ता नव्हता. असणार कसा? गाव नकाशात विहिरीला खूण आहे, देवळाला आहे, पायवाटेला आहे. कातळातल्या चित्राला खूणच नाही.

दोनेक वर्षांपूर्वी तिथे काही पोरं भेटली, गळ्यात कॅमेरे, बोलण्यावरून शहरातली. खडूने रेघा गिरवत होती, फोटो चांगला येतो म्हणून. खडू लावू नका म्हणून ओरडणार होतो. तेवढ्यात एक जण माझ्या फुलीवर बोट ठेवून म्हणाला, हे बहुधा ताऱ्याचं चिन्ह असावं, त्या लोकांना दिशांचं ज्ञान होतं. दिशांचं ज्ञान होतं हे खरंच, मी फळी लावून घेतली होती. पण तोंड उघडवलं नाही. खडूबद्दलही मग नीट बोलता आलं नाही.

२०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. नऊ ठिकाणं आहेत. रत्नागिरी जिल्ह्यातली उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे, सिंधुदुर्गातलं कुडोपी, आणि गोव्यात कुशावती नदीकाठचं फणसामळ. गावात लगेच बातमी झाली की आपण जागतिक वारसा झालो. नाही झालो. आमच्या भाषेत सांगायचं तर फेरफाराची नोंद पडली आहे, प्रमाणित व्हायची आहे. संभाव्य यादीत निदान वर्षभर नाव असल्याशिवाय देशाला प्रस्ताव पाठवता येत नाही. प्रस्तावासोबत हद्दींचे नकाशे लागतात, भोवतीचा राखीव पट्टा दाखवावा लागतो, जागेला कायद्याचं संरक्षण आहे हे सांगावं लागतं. म्हणजे शेवटी मोजणीच.

मराठ्यांच्या किल्ल्यांचं उदाहरण ताजं आहे. २०२१ मध्ये संभाव्य यादीत, जुलै २०२५ मध्ये पक्क्या यादीत. बारा किल्ले, त्यातला जिंजी तामिळनाडूत, आणि आमच्या किनाऱ्यावरचे खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग. रायगडही कोकणातलाच. भारताचं ते चव्वेचाळिसावं स्थळ. त्या दिवशी आमच्याकडे पेढे वाटले गेले, मीही दोन खाल्ले. १९८३ मध्ये अजिंठा, वेरूळ, ताजमहाल आणि आग्र्याचा किल्ला यांपासून भारताची यादी सुरू झाली. त्या सगळ्याला भिंत आहे, दार आहे, तिकीट आहे. किल्ला कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे तटावरून कळतं. सड्याला तट नाही. त्याच्यावरून माणूस चपला घालून जातो आणि आपण कशावरून गेलो हे त्याला समजत नाही.

निवृत्तीनंतर एकेक करून मी जवळची ठिकाणं पाहिली. सगळ्यांचं वर्णन करत नाही, दोन-तीन सांगतो.

कशेळीला आम्ही लहानपणापासून कनकादित्याच्या दर्शनाला जातो. त्याच गावच्या सड्यावर साधारण १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद हत्ती कोरलेला आहे. सवयीने गुणाकार केला, २३४ चौरस मीटर. चौकट धरली तर सव्वादोन गुंठ्यांहून जास्तच. मुंबईत एवढ्या जागेत चार कुटुंबं आनंदाने राहतील. आणि हत्ती पोकळ नाही, त्याच्या अंगात माशांची, प्राण्यांची बारीक बारीक चित्रं भरलेली आहेत. जवळ उभं राहिलं तर हत्ती दिसत नाही, पोटातलेच जीव दिसतात. कोरणाऱ्याने मधे उभं राहून बाहेरची रेघ कशी साधली असेल? मला २३४ चौरस मीटरचा आकार जमिनीवर उतरवायचा असेल तर साखळी, शंकू आणि दोन माणसं लागतात. तरी एखादा कोपरा चुकतो.

देवाच्या गोठण्यातली गंमत आमच्या धंद्यातली आहे. तिथे कातळावर एक माणूस कोरला आहे, आणि त्याच्याजवळ होकायंत्र ठेवलं की सुई भलतीकडेच जाते. जांभ्यात लोह असतं. सड्यावर होकायंत्राच्या भरवशावर फळी लावू नये, मागच्या खुणेवर नजर साधून लावावी, हे मला नोकरीच्या पहिल्या वर्षी एका जुन्या मोजणीदाराने शिकवलं होतं. माझी जुनी तबकडी मी मुद्दाम नेली. सुई फिरली तेव्हा मला त्या जुन्या माणसाची आठवण झाली, बाकीचे लोक नमस्कार करत होते.

उक्षी मला सगळ्यांत आवडलं. रेल्वेने जाता येतं म्हणूनही असेल. तिथल्या हत्तीभोवती ग्रामपंचायतीने चिऱ्यांचा, म्हणजे जांभ्याच्या कापीव दगडांचा, गोल गडगा (बांध) घातला आहे, आणि वरून बघता येईल अशी जागा केली आहे. कोणी बाहेरून येऊन दिलेला फलक नव्हे, गावाने आपल्या सड्यावर आपल्या चिऱ्याने केलेलं काम.

बारसूच्या सड्यावर मधे माणूस आणि दोन्ही बाजूंनी दोन वाघ आहेत. एप्रिल २०२३ मध्ये त्याच सड्यावर रिफायनरीच्या माती परीक्षणावरून काय झालं ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. मी त्यावर इथे लिहीत नाही, माझ्याच घरात त्यावर दोन मतं आहेत आणि दोघांना एका पंक्तीत जेवायचं आहे.

गेंड्याचं मला नवल वाटतं. आमच्या कोकणात आज कोणी गेंडा पाहिलाय? काझीरंगाला जावं लागतं. कोरणाऱ्याने तो बघून काढला आहे, शिंग, खांदा, जड पोट, सगळं जागच्या जागी. उलट कुठे नांगर नाही, बैलजोडी नाही, भाताची लोंबी नाही. म्हणजे ही माणसं शेतीच्या आधीची असावीत असं अभ्यासक म्हणतात. नांगराच्या आधीची माणसं, आणि त्यांची जमीन आम्ही नांगर चालत नाही म्हणून खराबा ठरवली.

मोकळेपणाने सांगायचं तर खराबा ठरली म्हणूनच ती वाचली. भात होत नाही, झाड धरत नाही, कोणी हात लावला नाही. आता तसं राहिलं नाही. कातळात सुरुंग लावून खड्डे करायचे, बाहेरून माती आणून भरायची आणि हापूसची कलमं लावायची, हे आता सगळीकडे चालतं. बागायतदाराला मी नावं ठेवत नाही, पुतण्याची दीडशे कलमं अशीच उभी आहेत आणि मे महिन्यात पहिली पेटी माझ्याकडे येते. चिरेखाणी तर आहेतच. पूर्वी टिकावाने दिवसभरात मोजके चिरे निघायचे, आता कटर मशीन सकाळी लावलं की संध्याकाळपर्यंत सड्याच्या जागी चौकोनी हौद. माझं घर चिऱ्याचंच आहे. १९९८ मध्ये बांधलं तेव्हा ट्रकवाल्याला मी चिऱ्याचा भाव विचारला, सडा कुठला ते विचारलं नाही. हल्ली पडवीत बसलो की गिलावा न केलेल्या भिंतीवरून उगाच नजर फिरते. एखाद्या चिऱ्यावर वळलेली रेघ दिसली तर? अजून दिसली नाही.

आणि खराबा हा शब्द भाद्रपदात सड्यावर जाऊन उच्चारून दाखवा. सीतेची आसवं नावाच्या फुलांनी निळा झालेला कातळ, मधे गेंदाच्या फुलांची पांढरी बटणं, खड्ड्याखड्ड्यात पाणी. चित्रांच्या खाचांत माती साठलेली असते, तिच्यात गवत उगवतं, आणि काही दिवस कासव हिरव्या रेघेने काढल्यासारखं दिसतं. सड्यावर मुरलेलं पाणीच खाली वाडीतल्या झऱ्याला येतं. कासला हेच फुललं की लोक तिकीट काढून बघतात. पश्चिम घाटाच्या ज्या ३९ जागा २०१२ मध्ये जागतिक वारसा झाल्या त्यांत कास आहे. आमच्या सड्यावर त्याच दिवसांत म्हशी असतात. त्याचं वाईट वाटत नाही, म्हशींनी कासवाला काही केलेलं नाही. केलं ते मी.

मग सरळ सरकारी संरक्षण का घेत नाही, असं मुलीने विचारलं. तिला कागदावर वर्तुळ काढून दाखवलं. केंद्राच्या १९५८ च्या कायद्याखाली एखादी जागा आली, तर २०१० च्या दुरुस्तीनुसार संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढे २०० मीटर परवानगीचा पट्टा. एका बिंदूभोवती १०० मीटरचं वर्तुळ म्हणजे ३.१४ हेक्टर, पावणेआठ एकर. दोन्ही पट्टे धरले तर अठ्ठावीस हेक्टर. दीड मीटरच्या कासवासाठी. मला ते पटतं, पण ज्याची सगळी मिळून एक हेक्टर जमीन आहे आणि पोराला सड्यावर घर बांधायचं आहे त्याला ते पटवायला मी कुठल्या तोंडाने जाऊ? असा माणूस रात्री कटर मशीन बोलावेल आणि सकाळी तिथे कासवही नसेल, वादही नसेल. गावाचं नाव लिहिलं नाही ते यासाठी. आधी खातेदार तयार व्हावेत, मग पाहुणे यावेत.

खातेदार हीच खरी अडचण. ते दोन भाऊ आता नाहीत. १९९३ मध्ये दोन नावं होती, आज दोन्ही हिश्श्यांचे सातबारे मिळून एकेचाळीस आहेत. वारस, वारसांचे वारस, लग्न होऊन गेलेल्या मुली. त्यातली नऊ माणसं गावात. बाकी नालासोपारा, विरार, दिवा, भांडुप, एक जण बडोद्याला. कोकणातली जमीन कोणाची, याचं उत्तर द्यायला एक पान पुरत नाही.

गेल्या शिमग्यात मी सरपंचांना भेटलो. आधी फुलीचं सगळं सांगून टाकलं. ते इतके हसले की मलाच हायसं वाटलं. मग ठरलं ते एवढंच. सरकारकडे आत्ता जायचं नाही. ग्रामसभेचा ठराव करायचा आणि खातेदारांची लेखी संमती घ्यायची की कासवाभोवतीचे दहा गुंठे चिरेखाणीला द्यायचे नाहीत, तिथे सुरुंग लावायचा नाही, आणि उक्षीसारखा गडगा घालायचा. मोजणी मी करणार, फुकट. या वेळी छिन्नी नाही, खुंटीही नाही. चुन्याची रेघ मारायची, गडग्याचा पहिला थर बसेपर्यंत टिकली तरी बास.

एकोणीस सह्या झाल्या आहेत. गावातल्या नऊही, त्यांत ज्या म्हाताऱ्याने मला अडवलं होतं त्याच्या नातवाची आहे. तो थोरल्या घरचा चुलत जावई निघाला, कोकणात हे असंच निघतं. त्याने सही करताना फक्त एवढंच विचारलं, "तुमीच काय ते सायेब?" मी हो म्हटलं. त्याने पेन परत दिलं आणि बायकोला चहा टाकायला सांगितलं.

उरलेल्या बावीस गणपतीला चाकरमानी आले की घ्यायच्या. आरतीनंतर पकडायचे, मोदकाच्या आधी, असा सरपंचांचा सल्ला आहे. फोनवर बोलणं चालू केलं आहे. परवा नालासोपाऱ्याहून थोरल्या हिश्श्यातल्या एकाचा उलट फोन आला. माणूस समंजस, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तात्या, ते डोकं आमच्याकडे येतं ना? मग शेपटीवाल्यांपेक्षा आमचा भाव जास्त पाहिजे."

म्हटलं, गणपतीला ये. संध्याकाळी पाऊस थांबला तर दाखवतो.